सावळ्या पोरींना राखाडी करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की ठाण्यात स्नेहसंमेलनांचा हंगाम सुरू होतो. सभागृहांच्या तारखा मिळत नाहीत, भाड्याने कपडे देणाऱ्यांकडे फेटे आणि नऊवारी संपतात, आणि पार्लरमधल्या मुली सकाळपासून रात्रीपर्यंत एका शाळेतून दुसऱ्या शाळेत पळत असतात. यंदाचा हंगाम तोंडावर आला आहे, म्हणून हे पत्र. शाळांचे मुख्याध्यापक, संमेलनाच्या बाई आणि पालक, तिघांनीही ते वाचावं अशी मनापासून इच्छा आहे.

माझी ओळख एवढीच की मी रंगभूषाकार आहे. माझे वडीलही रंगभूषाकार होते. १९७८ साली गडकरी रंगायतन सुरू झालं तेव्हा मी शाळेत होते आणि बाबांचा जेवणाचा डबा घेऊन तलावपाळीवरून रंगपटात जायचे. १९८७ पासून त्यांच्या हाताखाली काम करू लागले. नाटकं, एकांकिका स्पर्धा, भरतनाट्यमची अरंगेत्रं, सोसायट्यांचे गणेशोत्सव, सगळं केलं. आता गुडघ्यांमुळे तासन् तास उभं राहवत नाही, म्हणून नेहमीची कामं थांबवली आहेत. रंगांची पेटी मात्र अजून पर्समध्ये असते.

गेल्या डिसेंबरात माझ्या नातीच्या शाळेचं संमेलन झालं. नात तेव्हा दुसरीत होती. रंगाने ती माझ्यावर गेली आहे, चांगली सावळी. शाळेने कपडे आणि मेकअप मिळून साडेसातशे रुपये घेतले होते आणि ‘घरून मेकअप करून पाठवू नये’ अशी चिठ्ठी डायरीत चिकटवली होती. तिचं शेतकरी नृत्य होतं. पडदा उघडला आणि समोर वीस मुली, वीसही जणींना एकच बेस, म्हणजे चेहऱ्याला सगळ्यात आधी लावायचा रंग. गोऱ्या मुली पांढऱ्याफटक दिसत होत्या आणि सावळ्या मुली राखाडी. माझी नात दुसऱ्या रांगेत होती. तिचा चेहरा राख धरलेल्या गोवरीसारखा दिसत होता. हनुवटीखाली सरळ रेघ आणि त्या रेघेखाली तिचा स्वतःचा गळा, स्वतःचे हात. वरून निळा लाइट पडला तेव्हा तर मला बघवेना.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. भलरी, म्हणजे कापणीचं गाणं, संपते तिथे दोन्ही हात वर करून विळा उंचवायचा होता. घरी महिनाभर ती पलंगावर उभी राहून तेच करत होती. स्टेजवर मात्र तिने हात कोपरापासून वाकवून पदराखाली धरले होते. का, ते नंतर कळलं. रांगेत उभं असताना शेजारची मुलगी तिला म्हणाली होती, ‘तुझे हात तुझे वाटतच नाहीत.’ त्या लहान मुलीलाही मी दोष देत नाही. तिला जे दिसलं ते ती बोलली.

त्यानंतर दोन नाच सोडून पाचवीच्या मुलांचं तारपा नृत्य होतं. ही मुलं आली ती तोंडाला, हातांना, पोटऱ्यांना काळपट तपकिरी रंग फासून. कानांच्या पाळ्या मात्र गोऱ्याच राहिल्या होत्या. म्हणजे एकाच दिवशी, एकाच पेटीतून, सावळ्या पोरींना शेतकरीण करायला गोरं केलं आणि गोऱ्या पोरांना आदिवासी करायला काळं केलं. माझ्या शेजारी शाळेत काम करणाऱ्या एक मावशी बसल्या होत्या. ठाण्याजवळच्या येऊरच्या पाड्यावरच्या, वारली. त्या माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाल्या, ‘आमच्यात तोंडाला कोणी काय लावत नाय.’ त्यांचं बरोबर होतं. येऊरला दिवाळीच्या सुमारास मी तारपा नाच पाहिला आहे. मधे दुधी भोपळ्याचा तारपा वाजवणारा, भोवती एकमेकांना धरून गोल फिरणारी बायामाणसं. केस विंचरलेले, अंगावर धुतलेले कपडे, आणि चेहरे ज्याचे त्याचे. मावशींना काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही. माझ्या धंद्याच्या नावाने हे चाललं होतं, त्यामुळे मान वर करायची लाज वाटली.

मध्यंतरात बाईंची परवानगी काढून मी मागे गेले. एका वर्गाचा रंगपट केला होता. वर ट्यूबलाइट, भिंतीला टेकवलेला एकच आरसा, बाकांवर मुलं. पार्लरमधून आलेल्या तीन मुली सकाळपासून उभ्या होत्या. एकशेसाठ मुलं आणि दोन तास, म्हणजे एका मुलामागे सव्वादोन मिनिटं. त्यांतली एक वीस-एकवीस वर्षांची असेल, घामाने भिजलेली. मी शेडबद्दल विचारलं तर म्हणाली, ‘काकू, मला दोनच दिल्यात. एक गोरी आणि एक काळी.’ ती खोटं बोलत नव्हती. तिच्या हातात एकच स्पंज होता आणि एकच काजळाची कांडी, एकशेसाठ पोरांच्या डोळ्यांवरून फिरलेली. त्या आठवड्यात नातीच्या वर्गातल्या चौघींचे डोळे आले. काजळामुळेच आले असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण डोळे असेच एकाचे दुसऱ्याला येतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

नातीचा अजून एक नाच बाकी होता. मी तिला खिडकीशी बसवलं. कापसाला खोबरेल लावून तो बोळा गालावर नुसता धरून ठेवला. घासायचं नाही, तेलाला रंग सोडवू द्यायचा. चार बोळे लागले. मग ओल्या रुमालाने तेल टिपलं आणि तोंड कोरडं होऊ दिलं. बाबांची शिकवण होती, ‘तोंडाला हात लावण्याआधी गळा बघ, कान बघ.’ शेड मनगटावर लावून बघतात ते चुकीचं आहे, मनगटाचा रंग चेहऱ्याचा नसतो. जबड्याच्या कडेला, कानाच्या खाली एक बोट लावायचं. ते दिसेनासं झालं की ती तुमची शेड. एका कांडीत ती मिळत नाही. नातीसाठी मी डबीच्या झाकणावर दोन शेड मिसळल्या, एक मधासारखी पिवळट आणि एक विटकरीकडे झुकणारी तपकिरी. सावळ्या कातडीत पिवळा आणि तांबूस रंग मुरलेला असतो. त्यावर फिकट गुलाबी बेस चढवला की त्यातला पांढरा रंग वर तरंगतो आणि राखेची कळा येते. त्यात बेस कितीही महाग असला तरी फरक पडत नाही.

ओल्या स्पंजने थापत थापत बेस लावला, तोही नाक, कपाळ आणि डोळ्यांखाली. बाकी तिची स्वतःची कातडी चांगली आहे, ती झाकायची कशाला? पफने पावडर दाबली, वरची झटकली. गालावर गुलाबी नाही, विटेचा रंग. ओठांना जांभळाकडे जाणारा तांबडा. काजळ डोळ्यात न घालता पापणीच्या बाहेरच्या कडेने, माझ्या वेगळ्या काडीने. फार तर दहा-बारा मिनिटं लागली असतील. मान वर केली तर मागे चार मुली ओळीत उभ्या होत्या. पहिली म्हणाली, ‘माझं पण पुसा ना.’ पुसलं. पाच जणींचं करेपर्यंत घंटा झाली. दुसऱ्या नाचाला नातीचे दोन्ही हात खांद्यापासून सरळ वर गेले, बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.

हे सगळं एवढं सविस्तर लिहिलं, कारण काही लोकांना वाटतं की स्टेजवर चेहरा ‘उठून’ दिसायला गोरा करावाच लागतो. तसं नाही. लांबून चेहरा दिसतो तो उजेड आणि सावलीमुळे. भुवई, पापणीची कड, नाकाची बाजू, ओठांची रेघ, एवढं नीट राखलं तर गडकरीच्या बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेलाही सावळ्या नटाच्या चेहऱ्यावरचा राग दिसतो. जुने लोक डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात लाल रंगाचा बारीक ठिपका देत, त्याने डोळा लांबून मोठा आणि जिवंत दिसे. त्याचा नटाच्या रंगाशी संबंध नसे. आणि शाळेच्या हॉलमध्ये तर पहिली रांग दहा फुटांवर असते, बाजूला मोठा स्क्रीन आणि पालकांचे मोबाइल. तिथे आठ-दहा वर्षांच्या मुलाला बेसची गरजच नसते. पावडर, थोडं रूज, डोळ्यांची कड, ओठ, झालं. त्याने शाळेचे पैसे वाचतील आणि मुलांची कातडीही.

ज्या विठोबाला सावळा म्हणून आपण आळवतो, त्याची भूमिका करणाऱ्या मुलालाही मी याच शहरात पांढरा बेस लावलेला पाहिला आहे. तेव्हा कुणाला खटकल्याचं दिसलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता लाइटविषयी, कारण अर्धी चूक तिथे होते. आम्ही शिकलो ते पिवळ्या दिव्यांत. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा वाढला की उजेड निळसर होतो. जुने हॅलोजन आणि टंगस्टनचे दिवे साधारण ३२०० केल्विनचे, त्यांच्या उजेडात तांबडेपणा असायचा. चेहरा थोडा फिका रंगवला तरी तो दिवा त्याला ऊब द्यायचा. आता बहुतेक हॉलमध्ये एलईडी आहेत. त्यांचा पांढरा उजेड अनेकदा ५६०० केल्विनच्या घरातला, म्हणजे भर दुपारच्या उन्हासारखा निळसर, आणि स्वस्त दिव्यांत तांबडा रंग कमी असतो. जुन्या सवयीने रंगवलेला चेहरा त्यात मेल्यासारखा दिसतो. शिवाय एका बटणावर निळा, हिरवा, जांभळा. निळ्या किंवा हिरव्या उजेडात लाल ओठ काळे पडतात, लाल उजेडात गालावरचं रूज नाहीसं होतं. म्हणून रंग विकत घेण्याआधी लाइटवाल्या दादांना विचारावं की कुठल्या नाचाला कुठला रंग टाकणार. आणि रंगीत तालमीला एक गोरी, एक गव्हाळ आणि एक सावळी, अशा तीन मुलांना रंगवून त्याच लाइटखाली उभं करावं आणि मागच्या रांगेत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. मोबाइलमध्ये बघू नये, तो रंग आपल्या मनाने सुधारून दाखवतो. वर्गातल्या ट्यूबलाइटखाली सुंदर दिसलेला चेहरा स्टेजवर तसा दिसेल याची काहीच खात्री नसते.

गोरं करण्याच्या या हौसेने आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांचं फार नुकसान केलं आहे. बाबांच्या गुरूंच्या वेळी बाजारात तयार रंग मिळत, पण ते परवडायचे नाहीत. लुडविग लाइकनर नावाच्या जर्मन गायकाने १८७३ साली बर्लिनमध्ये चरबीतल्या रंगांच्या कांड्या बनवायला सुरुवात केली होती. पॅनकेक, म्हणजे ओल्या स्पंजने लावायची रंगाची वडी, आला तो १९३०च्या दशकाच्या शेवटी, मॅक्स फॅक्टरचा. इकडे गावोगाव फिरणारी मंडळी खलबत्त्यात रंग घोटायची. सफेदा, मुर्दाडशिंग, हिंगूळ, पिवडी, काव, आणि वर खोबरेल. यांतली पिवडी आणि काव म्हणजे माती, त्यांनी काही होत नाही. पण मुर्दाडशिंग म्हणजे शिसं, हिंगूळ म्हणजे पारा. पिवळ्यासाठी कुणी हरताळ वापरत, त्यात आर्सेनिक. पोथीतली चुकलेली अक्षरं खोडायला हरताळ फासत, ‘हरताळ फासणे’ हा शब्द त्यातूनच आला. तो हरताळ माणसाच्या तोंडाला लागायचा. बाबांचे गुरू चाळिशीत हात थरथरू लागले म्हणून काम सोडून बसले. रंगामुळेच ते झालं असं सिद्ध करणारा डॉक्टर तेव्हा कुणाला भेटला नाही, पण बाबांनी त्यानंतर त्यांची मुर्दाडशिंगाची डबी पुरून टाकली. घरात पुन्हा आणली नाही.

आज ती डबी गेली, पण तिची भावंडं बाजारात आहेत. देवीच्या किंवा हनुमानाच्या भूमिकेसाठी मुलाच्या चेहऱ्याला सरळ शेंदूर फासतात. शेंदूर हा पूजेचा आहे, कातडीचा नाही. त्यात बहुधा शिसं नाहीतर पारा असतो आणि नाचताना घामाबरोबर तो ओठांवरून पोटात जातो. हळद आणि चुन्याचं कुंकू वेगळं. सौंदर्यप्रसाधनांचे २०२०चे नियम सांगतात की प्रसाधनात वापरायच्या रंगात शिसं दशलक्ष भागांत २० भागांपेक्षा जास्त नको, आर्सेनिक २ भागांपेक्षा जास्त नको. सुट्या पुडीत काय आहे ते कुणी मोजलेलं नसतं. डबीवर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच, वापरायची मुदत आणि घटक नसतील तर ती मुलांसाठी घेऊच नये. मावळ्यांच्या मिशा मार्करने काढतात, वाघाचे पट्टे पोस्टर कलरने ओढतात, आणि कार्डांवर चिकटवायची चमकी पापण्यांना लावतात. ती चमकी प्लॅस्टिकची असते, तिच्या कडा धारदार असतात, डोळ्यात गेली तर बुबुळाला ओरखडा पडतो. चेहऱ्यासाठी वेगळी, बारीक चमकी मिळते. लहान मुलांच्या डोळ्यांजवळ मी तीही लावत नाही.

स्पंजचंही तसंच. त्रिकोणी स्पंजची पाकिटं स्वस्त मिळतात, कापून एकेकाला एकेक तुकडा देता येतो. रंग डबीतून थेट न घेता चमच्याच्या दांड्याने झाकणावर काढून घ्यावा. पॅनकेक ओला असताना झाकण लावलं तर आपल्या ठाण्याच्या दमट हवेत त्यावर बुरशी धरते, तो उघडा वाळवावा. ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांना आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून बघावा. या गोष्टी पार्लरमधल्या मुलींना कुणी शिकवत नाही, कारण त्यांना नवरी सजवायला शिकवतात. नवरी गोरी दिसली की गिऱ्हाईक खूश. त्यांना स्टेजची रंगभूषा येत नाही हा त्यांचा गुन्हा नाही. त्यांना दोन शेड आणि सव्वादोन मिनिटं देऊन एकशेसाठ मुलांसमोर उभं करणाऱ्यांनी विचार करायला हवा.

माझ्या नातीच्या शाळेला मी जानेवारीत पत्र दिलं. ‘पुढच्या वर्षी लक्षात ठेवू’ असं उत्तर आलं. मला त्यांच्याविरुद्ध काही मांडायचं नाही, म्हणून शाळेचं नाव लिहीत नाही. पण यंदा कुठल्याच शाळेने मुलाचा रंग बदलू नये, गोरा नाही आणि काळा तर नाहीच, एवढं मागणं आहे. तारपा नृत्य बसवायचं असेल तर येऊर काही लांब नाही, पाड्यावरच्या माणसांनाच बोलवा, ते पावलंही शिकवतील आणि कपडे कसे नेसायचे तेही. मेकअपचं कंत्राट देताना किमान पाच शेड, मुलागणिक वेगळा स्पंज आणि काजळाची वेगळी काडी, एवढं लेखी मागा.

ज्या शाळांना हवं असेल त्यांच्या शिक्षकांना आणि पार्लरमधल्या मुलींना मी हे विनामूल्य शिकवायला तयार आहे, ठाण्यात, कळव्यात, ऐरोली-वाशीपर्यंतही. रविवारी सकाळी दोन तास पुरतील. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिलेला आहे. बसायला एक खुर्ची, स्टेजवरचे दिवे चालू, आणि तीन वेगवेगळ्या रंगांची मुलं, एवढं असलं की झालं. खोबरेल आणि कापूस मी घेऊन येईन.

आपली,
एक रंगभूषाकार,
खारेगाव, कळवा (ठाणे)